दोन महायुद्धांमधल्या राजदूतांच्या पत्रव्यवहारावर एचआरची पीएचडी करता येईल का?

येईल. नक्की येईल. तुम्ही लिहिलंय की विषय स्ट्रॅटेजिक एचआरएम (संस्थेच्या धोरणाशी जोडलेलं मनुष्यबळ व्यवस्थापन) आहे, 1919 ते 1939 मधला युरोपीय वकिलातींचा पत्रव्यवहार वापरायचा आहे, आणि गाइड म्हणतात, "हा डेटाच नाही, प्रश्नावली करा." अगदी हेच वाक्य मी आमच्या संशोधन समितीसमोर उभी असताना ऐकलं आहे. म्हणून हे उत्तर लांबेल.

पीएचडीला नाव घालण्याआधी मी चाकणला वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात एचआरमध्ये होते. संशोधकांच्या प्रश्नावल्या आमच्याकडे सतत यायच्या. 'आपल्या संस्थेत कर्मचाऱ्यांच्या सूचनांची दखल घेतली जाते: पूर्णपणे सहमत ते पूर्णपणे असहमत.' एचआर प्रमुख तो कागद ट्रेनीकडे सरकवायचे आणि ट्रेनी चारवर खुणा करत जायचा. पाचवर केल्या तर खोटं वाटेल, तीनवर केल्या तर साहेब विचारतील. त्याच महिन्यात शॉप फ्लोअरवरून एका सुपरवायझरनं प्रेसच्या सुरक्षेबद्दल दिलेला लेखी इशारा फाइलला लागून पडलेला असायचा. संस्थेत काय चाललंय याचा पुरावा त्या फाइलमध्ये होता. संशोधन मात्र प्रश्नावलीवर व्हायचं.

पुण्यातल्या एका जुन्या ग्रंथालयात ब्रिटिश परराष्ट्र खात्याच्या 1919 ते 1939 मधल्या कागदपत्रांचे छापील खंड हाती लागले, तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की इथे सुपरवायझरची फाइल उघडी ठेवली आहे. सर होरेस रम्बोल्ड 1928 पासून बर्लिनमध्ये राजदूत होते. 26 एप्रिल 1933 ला, म्हणजे हिटलर चॅन्सेलर होऊन तीन महिनेही झाले नव्हते तेव्हा, त्यांनी लंडनला एक लांबलचक खलिता पाठवला. हिटलरचं आत्मचरित्र वाचून त्यांनी सरळ सांगितलं की या माणसानं लिहिलंय ते गांभीर्यानं घ्या: त्याच्या लेखी माणूस हा लढणारा प्राणी आहे, राष्ट्र ही लढणारी तुकडी आहे, आणि शांततेच्या गोष्टी या वेळ मिळवण्यासाठी आहेत. हा खलिता दडपला गेला नाही. मंत्रिमंडळापर्यंत फिरवला गेला. त्याच उन्हाळ्यात वयोमर्यादेनुसार रम्बोल्ड निवृत्त झाले.

आता एचआरच्या नजरेनं बघा. भरती चांगली होती, प्रशिक्षण होतं, अनुभव होता, माणसानं वेळेवर आणि स्पष्ट लिहिलं, वरच्यांनी वाचलं. आपल्या विषयात ज्याला ह्यूमन कॅपिटल म्हणतात ते सगळं जागेवर होतं. तरी धोरण हललं नाही. एचआरच्या पद्धती आणि संस्थेची कामगिरी यांच्यामध्ये जी 'ब्लॅक बॉक्स' आहे, म्हणजे मधे नेमकं काय घडतं ते दिसत नाही, म्हणून आपण वर्षानुवर्षं लेख पाडतो, ती इथे तारखांसकट उघडून ठेवलेली आहे.

माझा मुद्दा मात्र रम्बोल्ड नव्हते, हेंडरसन होते. सर नेव्हिल हेंडरसन 1937 मध्ये बर्लिनला आले. त्याआधी बेलग्रेडला युगोस्लाव्हियाचा राजा अलेक्झांडरशी त्यांचं उत्तम जमलं होतं, आणि हुकूमशाही वळणाच्या राज्यकर्त्यांशी जमवून घेणारा माणूस ही त्यांची ख्याती होती. पंतप्रधान होण्याच्या बेतात असलेल्या चेंबरलेन यांच्याशी निघण्यापूर्वी भेट झाली आणि पुढची दोन वर्षं ते चेंबरलेन यांचं धोरण, म्हणजे हिटलरला सवलती देऊन युद्ध टाळणं, मनापासून राबवत राहिले. आधीचे ब्रिटिश राजदूत न्यूरेंबर्गच्या नाझी पक्षमेळाव्याला जाणं टाळत. हे सप्टेंबर 1937 मध्ये गेले. दरम्यान लंडनमध्ये खात्याचे प्रशासकीय प्रमुख रॉबर्ट व्हॅनसिटार्ट, जे जर्मनीबद्दल सतत इशारे देत होते, त्यांना 1938 च्या सुरुवातीला 'प्रमुख राजनैतिक सल्लागार' असं भारदस्त पद देऊन निर्णयांच्या वाटेवरून बाजूला केलं गेलं. त्यांच्या जागी अलेक्झांडर कॅडोगन आले.

आपल्या पाठ्यपुस्तकांत याला काय म्हणतात? व्हर्टिकल फिट. माणसं, पदं, नेमणुका, सगळं वरच्या धोरणाशी जुळलेलं. पाठ्यपुस्तकाच्या निकषावर चेंबरलेन यांच्या काळातली व्यवस्था आदर्श ठरते, आणि रम्बोल्ड-व्हॅनसिटार्ट यांची 'मिसफिट'. मी समितीला म्हटलं, फिट ही स्वतंत्र चांगली गोष्ट नाही. धोरण चुकलेलं असेल तर जितकं फिट जास्त, तितकी चूक उशिरा कळते, कारण चूक सांगू शकणारी माणसं त्या फिटनंच बाहेर काढलेली असतात.

समितीत एक ज्येष्ठ प्राध्यापक होते. विभागात त्यांचा शब्द शेवटचा असे. ते म्हणाले, "मॅडम, सॅम्पल साइज किती? एक?" बाकीचे हसले. मी हेंडरसन यांच्या गैरहजेरीत वकिलात सांभाळणाऱ्या ओगिल्व्ही-फोर्ब्स यांच्याबद्दल सांगायला लागले तर म्हणाले, हे इतिहास विभागात सांगा. माझा सिनॉप्सिस (संशोधनाचा आराखडा) परत आला, शेरा होता, 'प्राथमिक डेटा आवश्यक'. माझी पदवी पुढे चारशेच्या आसपास प्रश्नावल्यांवर झाली. त्या कशा भरल्या जातात हे मला माहीत होतं आणि समितीतल्या प्रत्येकालाही माहीत होतं.

जे तिथे सांगू दिलं नाही ते इथे सांगते. ऑक्टोबर 1938 पासून फेब्रुवारी 1939 पर्यंत हेंडरसन आजारपणामुळे इंग्लंडमध्ये होते. या काळात बर्लिनचा कारभार सर जॉर्ज ओगिल्व्ही-फोर्ब्स यांनी प्रभारी म्हणून सांभाळला. तीच वकिलात, तोच कर्मचारीवर्ग, तेच यजमान सरकार, तेच लंडन. बदलली फक्त खालची सही. पत्रांचा सूर किती बदलतो ते त्या छापील खंडांच्या तिसऱ्या मालिकेत शेजारी शेजारी ठेवून वाचा. हेंडरसन परतल्यावर पुन्हा काय होतं तेही वाचा. प्रमुखाच्या वृत्तीचा खालून वर जाणाऱ्या माहितीवर काय परिणाम होतो, हे मोजायला अशी संधी कुठल्या कंपनीत मिळणार? कुठला सीईओ काही महिने रजेवर जातो आणि त्या काळातले सगळे अहवाल संशोधकाच्या हाती देतो?

आणि 'एकच उदाहरण' हेही खरं नाही. सर एरिक फिप्स घ्या. 1933 ते 1937 बर्लिनमध्ये असताना त्यांचे अहवाल नाझींबद्दल बोचरे आणि सावध. मग पॅरिसला बदली. सप्टेंबर 1938 मध्ये हाच माणूस लंडनला कळवतो की फ्रान्समधली सगळी उत्तम माणसं जवळजवळ कोणत्याही किमतीवर युद्ध नको म्हणतात. स्पष्ट बोलणं हा माणसाचा पक्का गुण आहे असं मानून आपण एम्प्लॉयी व्हॉइसच्या (कर्मचारी किती मोकळेपणानं बोलतात ते मोजणाऱ्या) स्केल भरून घेतो. फिप्स यांची दोन शहरांतली पत्रं ते गृहीतक मोडायला पुरेशी आहेत. जर्मनांकडे बघा. वॉशिंग्टनमधले राजदूत फॉन प्रिटविट्झ यांनी मार्च 1933 मध्ये राजीनामा दिला. हिटलरच्या निषेधार्थ पद सोडणारे ते एकमेव जर्मन राजदूत. बाकीचे का राहिले, आणि राहून काय लिहीत राहिले, हा एक अख्खा प्रबंध आहे. अमेरिकेत उलट झालं: बर्लिनचे कॉन्सुल जनरल जॉर्ज मेसरस्मिथ यांनी 1933 मध्येच नाझी नेत्यांबद्दल अतिशय कठोर शब्दांत कळवलं, आणि 1937 मध्ये ते वॉशिंग्टनमध्ये सहायक परराष्ट्रमंत्री झाले. इशारा देणाऱ्याची बढती आणि इशारा देणाऱ्याची उचलबांगडी, दोन्ही एकाच काळात. तुलना हवी ना समितीला? ही घ्या.

आता तुमच्या कामाचं. फुकट सुरुवात करायची असेल तर अमेरिकन परराष्ट्र खात्याचे खंड त्यांच्या इतिहास कार्यालयानं इंटरनेटवर मोफत ठेवले आहेत, शोधता येतात. ब्रिटिश बाजूसाठी छापील खंडांवर थांबू नका. लंडनजवळ क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात एफओ 371 या मालिकेत मूळ फाइली आहेत. फाइलच्या आवरणावर कोणी, कोणत्या तारखेला वाचलं आणि काय शेरा मारला ते दिसतं. तुमचा खरा डेटा तो. तिथे स्वतःच्या कॅमेऱ्यानं फोटो घेता येतात. नेमणुका, पगार, बदल्या यांसाठी एफओ 366 बघा, आणि दरवर्षी निघणारी फॉरिन ऑफिस लिस्ट, जिच्यात प्रत्येकाची सेवापुस्तिका दिलेली असते. 1919 पर्यंत या सेवेत शिरायला वर्षाला 400 पौंडांचं खासगी उत्पन्न लागायचं. ती अट गेली, पण दोन दशकांनी मोठ्या वकिलातींत बसलेले राजदूत त्या अटीतूनच आलेले होते. भरतीचं धोरण वीस वर्षांनी कुठे दिसतं, हे प्रश्नावलीत सापडणार नाही.

गाइडना गप्प करायचं तर त्यांच्याच साहित्यातून करा. एचआर पद्धती आणि कंपनीची कामगिरी यांच्यावरचा ह्युसेलिड यांचा 1995 चा 968 कंपन्यांचा अभ्यास सगळे उद्धृत करतात. त्यात एका कंपनीसाठी एकच जण उत्तर देतो. 2000 मध्ये गेरहार्ट आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की अशा एकाच माणसाच्या उत्तरावर फारसा भरवसा ठेवता येत नाही. 2005 मध्ये राइट आणि सहकाऱ्यांना आढळलं की एचआर पद्धतींचा संबंध पुढच्या कामगिरीइतकाच मागच्या कामगिरीशीही लागतो, म्हणजे कारण कोणतं आणि परिणाम कोणता हेच ठरत नाही. पत्रांवर तारीख असते. आधी काय आणि नंतर काय हा वाद तिथे निम्मा मिटतो.

काही अडचणी आहेत, त्या आधीच लिहून टाका, म्हणजे समितीला शोधाव्या लागणार नाहीत. छापील खंड संपादकांनी निवडलेले आहेत आणि अधिकाऱ्यांचे शेरे त्यांत फारसे नाहीत. ओगिल्व्ही-फोर्ब्स प्रभारी असतानाच 9-10 नोव्हेंबर 1938 ला ज्यूंवरचे देशव्यापी हल्ले झाले, त्यामुळे सूर सहीमुळे बदलला की घटनेमुळे, हे वेगळं करावं लागेल. हल्ल्याआधीची आणि जानेवारीतली पत्रं स्वतंत्र कोड करा, म्हणजे त्यांचा सूर वेगवेगळा वर्गीकृत करा. रम्बोल्ड आज बरोबर वाटतात कारण पुढचं आपल्याला ठाऊक आहे. त्या वर्षी चुकलेले इशारेही गोळा करा. जर्मन आणि फ्रेंच येत नसेल तर ब्रिटन-अमेरिका एवढंच ठेवा.

आणि एवढं मांडूनही गाइड प्रश्नावलीवरच अडले, तर गाइड बदला. सिनॉप्सिस मंजूर व्हायच्या आत अर्ज करा. नंतर विद्यापीठ सहसा नव्या गाइडचं संमतीपत्र, जुन्याचं ना-हरकत आणि पुन्हा समितीसमोर सादरीकरण मागतं, आणि ती समिती बहुतेक तीच असते.