सिनेमाच्या वहीबद्दल, तुझ्या प्रश्नावरून

प्रिय चिऊ,

'किल्ला' हा सिनेमा संपल्यावर मी माझी सिनेमाची वही उघडली तेव्हा तू विचारलंस, "आई, आपल्याकडे सिनेमासुद्धा अभ्यासच असतो का? माझ्या मैत्रिणींच्या घरी सिनेमा संपला की 'छान होता' म्हणतात आणि झोपायला जातात. तुम्ही मराठी लोक त्याची परीक्षा का घेता?"

त्यातलं 'तुम्ही मराठी लोक' जरा लागलं. पण प्रश्न वावगा नाही. मावशी, मोठा मामा, साताऱ्याचे आजोबा, सगळ्यांना तू हेच करताना पाहिलं आहेस. सिनेमा संपतो, दिवे लागतात आणि चपला पायात सरकवता सरकवताच कुणीतरी म्हणतं, "पण शेवट पटला नाही बुवा." नाटकाचंही तेच. घरी पोचेपर्यंत पहिल्या अंकाचा निकाल लागलेला असतो.

आमच्या लहानपणी सिनेमा हवा तेव्हा मिळत नसे, यात या सवयीचं मूळ असावं. मुंबई दूरदर्शनवर शनिवारी संध्याकाळी मराठी सिनेमा आणि रविवारी हिंदी. लागेल तो बघायचा. हुकला तर पुन्हा कधी लागेल याचा नेम नाही. ऐन रंगात आला की 'व्यत्ययाबद्दल क्षमस्व' ही पाटी यायची, आणि ती जाईपर्यंत मधल्या वेळात काय घडलं असेल यावर अख्ख्या खोलीचा खल चाले. गणपतीत बोळाच्या तोंडाशी दोन बांबूंमध्ये पांढरा पडदा ताणून सिनेमा दाखवत. पुढे जागा मिळाली नाही की लोक पडद्यामागे बसत. तिथूनही सगळं दिसे, फक्त नावं उलटी आणि नायक डावखुरा.

त्या प्रोजेक्टरबद्दल सविस्तर सांगते, कारण तू ज्याला परीक्षा म्हणतेस ती तिथेच सुरू व्हायची. फिल्म 16 मिलिमीटरची. 1600 फुटांचं रीळ साधारण 44 मिनिटं चालतं, म्हणजे सव्वादोन तासांच्या सिनेमाला चार रिळं, आणि प्रोजेक्टर एकच. रीळ संपलं की ऑपरेटर नव्या रिळाचं तोंड वरच्या दातेरी चाकावर अडकवणार, गेटमधून, म्हणजे भिंगामागच्या चौकटीतून, खाली घेणार, खालच्या चाकावर बसवणार, मग आवाजाच्या ड्रमवरून फिरवून रिकाम्या रिळात खोचणार. गेटच्या वर आणि खाली फिल्मचा एकेक लूप सैल सोडावा लागतो. दातेरी चाकं सलग फिरत असतात, पण गेटमध्ये मात्र फिल्म सेकंदाला 24 वेळा थांबत थांबत सरकते. हा फरक लूप पोटात घेतो. लूप गेला की पडद्यावर चित्र थरथरायला लागतं, उड्या मारतं, आणि वेळीच थांबवलं नाही तर फिल्मची भोकं फाटतात. खालच्या लूपचं माप चुकलं तर दुसरीच गंमत. 16 मिलिमीटरच्या फिल्मवर आवाज चित्राच्या 26 चौकटी पुढे छापलेला असतो, म्हणजे सेकंदाहून जरासा जास्त. लूप मोठा झाला की ओठ हलतात आत्ता आणि शब्द येतात मागाहून, लहान झाला की उलट.

हे सगळं नीट बसेपर्यंत रस्त्यावर बसलेली माणसं काय करणार? बोलायची. नायिकेनं असं का केलं, सासऱ्याचं बरोबर की सुनेचं, गाणं कुणाचं. शेंगा सोलता सोलता पुढच्या रिळात काय होणार याच्या पैजा लागायच्या. सिनेमा आणि सिनेमावरचं बोलणं हे आम्हाला एकत्रच मिळालं, वेगळं असं कधी मिळालंच नाही.

आणि वही म्हणशील तर ती आजोबांकडून आली. त्यांच्या रोजमेळात दूध, किराणा, फी यांच्या ओळीतच सिनेमाची ओळ असे. तारीख, थिएटर, कितीचा खेळ, तिकीट, आणि शेवटी एका शब्दाचा शेरा. 'ठीक.' 'लांबलेला.' 'पुन्हा पाहणे.' हा शेवटचा शेरा फार थोड्या सिनेमांना मिळाला आहे.

मी माझ्या वहीत शेरा एका शब्दात आटपत नाही, आणि तारेही देत नाही. सहा महिन्यांनी 'साडेतीन तारे' वाचून काही म्हणजे काही आठवत नाही. पहिल्या ओळीत तारीख, सिनेमाचं नाव, साल आणि कुठली प्रत पाहिली ते. त्याखाली एकच दृश्य, पण पूर्ण. कोण कुठे उभं होतं, उजेड कुठल्या बाजूनं येत होता, मागे कसला आवाज होता. त्याखाली जे खटकलं ते. उजवं पान कोरं, दुसऱ्यांदा पाहीन तेव्हासाठी. हे सगळं सिनेमा संपल्यावर लगेच, आणि कुणाचंही परीक्षण वाचायच्या आधी. आधी वाचलं की दुसऱ्याचे शब्द डोक्यात बसतात आणि आपल्याला काय दिसलं होतं तेच आठवेनासं होतं. सिनेमा चालू असताना मात्र लिहायचं नाही. मान खाली गेली की नेमकं तेवढ्यात काहीतरी निसटतं.

आता या महिन्याची पानं.

'संत तुकाराम', 1936, प्रभात. दामले आणि फत्तेलाल यांचं दिग्दर्शन, तुकारामाच्या भूमिकेत विष्णुपंत पागनीस. 1937 साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेलेला सिनेमा. सगळे पागनीसांबद्दल बोलतात, मी मात्र गौरी या नटीनं केलेल्या जिजाईबद्दल, म्हणजे तुकारामाच्या बायकोबद्दल, दीड पान लिहिलं आहे. पोर आजारी पडल्यावर ती हातात वहाण घेऊन थेट देवळात घुसते, विठोबालाच मारायला. देवाशी असं भांडणारी बाई त्या काळच्या पडद्यावर आहे, आणि सिनेमा तिला कुठेही हसत नाही, की तिला वाईटही ठरवत नाही. घर तिनंच चालवलेलं असतं हे आपल्याला प्रत्येक प्रसंगात दिसत राहतं. 'आधी बीज एकले' हे गाणं तुकोबांचा अभंग म्हणून लोक म्हणतात, पण ते लिहिलं शांताराम आठवल्यांनी, याच सिनेमासाठी. आजीसुद्धा हे मानायला तयार नव्हती.

तुला हा सिनेमा कंटाळवाणा वाटला, पण त्यातला अर्धा दोष प्रतीचा होता. जुने सिनेमे जवळपास चौकोनी चौकटीत काढलेले आहेत, उंची 1 तर रुंदी 1.37. इंटरनेटवर टाकणारे ते ओढून रुंद पडद्याभर पसरवतात, मग माणसं बुटकी आणि जाडी दिसतात. काही जण वरून-खालून कापतात, मग डोकी जातात. ओळखायची खूण सोपी आहे. बैलगाडीचं चाक किंवा तव्यावरची भाकरी गोल दिसते का ते पाहायचं. लंबगोल दिसली तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये 4:3 करायचं. डोकी कापलेली असतील तर इलाज नाही, दुसरी प्रत शोधायची. आणखी एक. सेकंदाला 24 चौकटींचा सिनेमा 25 वर चालवून केलेली प्रत चार टक्के वेगानं धावते, आणि गाण्याची पट्टी अर्ध्या स्वराला थोडी कमी इतकी चढते. पेटीवर सूर लावून पाहिला आणि तो दोन पट्ट्यांच्या मधेच कुठेतरी पडला, तर बहुधा हेच झालेलं असतं.

'कोर्ट', चैतन्य ताम्हाणे यांचा. राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरलेला. एका लोकशाहिरावर आरोप आहे की त्याच्या गाण्यामुळे गटार साफ करणाऱ्या कामगारानं जीव दिला. तू मधेच उठून गेलीस, "काही घडतच नाही" म्हणून. घडतं, पण कॅमेरा तुला बोटानं दाखवत नाही. तो लांब एका जागी उभा राहतो आणि माणसं चौकटीत येतात-जातात. बोलणाऱ्यावरच नजर ठेवली तर कंटाळा येईल. कडेला बघ. आपला पुकारा व्हायची वाट बघत बाकावर बसलेले लोक, कागद लावणारा कारकून. सरकारी वकील बाई कोर्टातून घरी जाऊन स्वयंपाकाला लागतात, तो भाग तर मला आपल्याच शेजारचा वाटतो. त्या वाईट नाहीत, म्हणूनच जास्त अस्वस्थ व्हायला होतं. शेवटी कोर्टाचे दिवे मालवतात आणि पडदा बराच वेळ काळा राहतो. सिनेमा संपला असं समजून बंद करू नकोस, पुढे अजून आहे.

'फँड्री', 2013, नागराज मंजुळे. याच्यावर फार लिहिलेलं नाही, लिहिता आलं नाही. शाळेजवळ डुक्कर पकडायची धावपळ चालू असते आणि शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. सगळे जागच्या जागी थांबतात आणि डुक्कर निघून जातं. मग तेच डुक्कर बांधून नेतात तेव्हा मागच्या भिंतीवर फुले आणि आंबेडकर रंगवलेले असतात. कुणी काही बोलत नाही. तू विचारशील तर याबद्दल मी सांगेन, पण सोळा वर्षांची झाल्यावर हा सिनेमा तू एकटीनं पाहावास असं मला वाटतं, मी शेजारी नसताना.

आणि 'किल्ला'. अविनाश अरुण यांनी दिग्दर्शनही केलं आणि कॅमेराही स्वतःच सांभाळला, त्यामुळे पाऊस कसा दाखवायचा यावर दोघांचं दुमत व्हायला जागाच नव्हती. वडील गेलेत, आईची कोकणात बदली झाली आहे, मुलगा अकरा वर्षांचा. मित्र त्याला किल्ल्यावर मागे ठेवून निघून जातात आणि पाऊस कोसळायला लागतो. मी वहीत तेच दृश्य लिहीत होते. ओल्या दगडावरचा उजेड कसा मिनिटागणिक विझत जातो ते. तू परीक्षा म्हणालीस म्हणून सांगते, 2014 साली बर्लिनच्या महोत्सवात या सिनेमाला क्रिस्टल बेअर हे बक्षीस दिलं ते मुलांच्याच परीक्षक मंडळानं. तुझ्याच वयाची मुलं ती. सिनेमा पाहिला, एकत्र बसून वाद घातला आणि निर्णय दिला. तेव्हा हे फक्त मराठी लोकच करतात असं नाही.

तरी तुझ्या म्हणण्यात तथ्य आहेच. आपल्याकडे पुष्कळदा मध्यंतरातच निकाल लागतो आणि मग उरलेला सिनेमा तो निकाल खरा ठरवण्यासाठी पाहिला जातो. खोट काढणं म्हणजेच जाणकारी, असाही एक समज आहे. धाकट्या आत्यानं आयुष्यात एक ओळ लिहिली नाही. तिला गाणी आठवतात आणि कुणी कुठली साडी नेसली होती ते आठवतं, आणि ती माझ्याइतकीच, कदाचित जास्तही, रमून सिनेमा पाहते. शिवाय तुला कुठलाही सिनेमा मागे नेऊन पुन्हा बघता येतो. जे हरवणारच नाही ते लिहून ठेवायची गरज तुला का वाटावी? याचं पक्कं उत्तर माझ्याकडे नाही. एवढंच दिसतं की जो सिनेमा मी लिहिते, त्यातलं मला वर्षानंतरही दिसत राहतं, आणि जो लिहीत नाही त्याची फक्त गोष्ट उरते.

तर माझा आग्रह वहीचा नाही. आग्रह असलाच तर बघण्याचा आहे, आणि त्याची तयारी मी करून ठेवते. टीव्हीतली हालचाल गुळगुळीत करणारी सोय मी बंद केली आहे, ती चालू असली की सिनेमा मालिकेसारखा दिसतो. परत चालू करू नकोस. संवाद बारीक आणि पावसाचा आवाज मोठा येत असेल तर आवाज 5.1 वर, म्हणजे सहा स्पीकरांसाठीचा असतो आणि आपल्याकडे स्पीकर दोनच आहेत, म्हणून स्टिरिओ निवडायचा. सबटायटल मागेपुढे होत असतील तर आधी सुरुवातीला आणि मग तासाभरानं तपासायचं. फरक दोन्हीकडे सारखा असेल तर तेवढे सेकंद सरकवले की काम झालं. वाढत वाढत तासाला अडीच मिनिटांपर्यंत गेला असेल तर ती 25 चौकटींच्या प्रतीसाठी केलेली आहेत, सरकवून उपयोग नाही, दुसरी उतरवून घ्यावी लागतात.

येत्या शनिवारी 'एलिझाबेथ एकादशी' लावणार आहे. पंढरपूरची पोरं, एलिझाबेथ नावाची सायकल, ती विकायला लागू नये म्हणून यात्रेत मांडलेलं दुकान. सबटायटल तपासून झाली आहेत, जुळतात. मैत्रिणींना बोलवायचं असेल तर बोलव, मी भेळ करीन. संपल्यावर मी नेहमीप्रमाणे लिहायला बसेन, तुम्ही खुशाल 'छान होता' म्हणून झोपा. फक्त सिनेमा चालू असताना सगळ्यांचे फोन स्वयंपाकघरात.

तुझी,
आई