शब्दांविना शोक दाखवताना
वस्तूंवर क्लिक करून कोडी सोडवण्याचा, संवाद नसलेला तुमचा हा पहिलाच गेम असल्याने कोडी रचण्याआधी पात्राच्या हाताच्या हालचाली नीट काढा, कारण संवाद नसले की शोक तिथेच दिसतो. उदाहरणार्थ, घरातल्या दोन कपांपैकी वापरात नसलेल्या कपावर खेळाडूने क्लिक केले आणि पात्राचा हात अर्ध्यावर थांबून मागे आला, तर घरातले कोणीतरी गेले आहे हे वेगळे सांगावे लागत नाही. २००९ च्या ‘मशिनारियम’ या कोड्यांच्या व्हिडिओ गेममध्ये शब्दांऐवजी पात्रांच्या डोक्यावरच्या फुग्यांत हलती चित्रे आहेत, ती पद्धत अवश्य अभ्यासा, मात्र शोकाच्या प्रसंगी फुगाही टाळावा, असे माझे ठाम मत आहे. कोडे सुटल्याचे बक्षीस म्हणून गेलेले माणूस परत आणू नका. क्लिक करण्याजोग्या वस्तूंची बाह्यरेषा किंचित ठळक ठेवा, कारण खेळाडू अडकून वैतागला, की त्याचे मन त्या घरातून बाहेर पडते.