तिसऱ्या दिवशी गुडघा का बोलतो? लांबच्या सायकलफेरीविषयी वाचकांचे प्रश्न

थंडी पडली की विदर्भातल्या रस्त्यांवर लांबच्या सायकली दिसू लागतात. कुणी शेगावला दर्शनाला, कुणी चिखलदऱ्याचा घाट चढायला, कुणी ब्रेव्हेच्या, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या फेरीच्या तयारीला. या विषयावर आलेली बहुतेक पत्रं एकच विचारतात, दुखणं सहन कसं करायचं? आमचं मत आधीच सांगून ठेवतो. थकवा सहन करता येतो आणि सरावाने त्याची सवयही होते. पण सांध्याचं, नसेचं आणि कातडीचं दुखणं सहन करत बसू नये, त्याचं कारण शोधावं. ते बरेचदा सायकलीतच सापडतं.

प्रश्न : आम्ही तिघं मित्र पाच दिवसांची फेरी करतो, रोज नव्वद-शंभर किलोमीटर. दोन दिवस काही होत नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी उजव्या गुडघ्याच्या वाटीखाली कळ येते आणि चढावर वाढते. पट्टा बांधून चालवू का? सायकल साधी, बिनगिअरची आहे. — एक वाचक, आर्वी

पट्ट्याचं नंतर बघू, आधी सीट बघा. गुडघा समोरून दुखतो तेव्हा बहुधा सीट खाली असते, फार पुढे असते किंवा तुम्ही जड पायडल रेटत असता. सीट खाली असली की पायडल वर येताना गुडघा जास्त दुमडतो आणि वाटी मांडीच्या हाडावर जोरात दाबली जाते. मिनिटाला ७५ फेरे धरले तर पाच तासांत एका पायाचे २२,५०० फेरे होतात. दोन दिवसांचे झाले ४५,०००. म्हणून तिसऱ्या सकाळी गुडघा बोलतो.

सायकल भिंतीला लावून, प्रवासात घालता तेच बूट घालून बसा. टाच पायडलवर ठेवा आणि पायडल पार खाली न्या. कंबर एका बाजूला न कलता पाय जेमतेम सरळ व्हायला हवा. मग तळव्याचा पुढचा भाग पायडलवर ठेवला की गुडघ्यात हवा तेवढा वाक राहतो. मोजून बघायचं असेल तर अनवाणी उभं राहून जांघेपासून जमिनीपर्यंतची उंची घ्या आणि तिला ०.८८३ ने गुणा. ७८ सेंमी असेल तर ६८.९ येतात. क्रँकच्या (पायडल जोडलेल्या दांडीच्या) मधल्या एक्सलपासून सीटच्या माथ्यापर्यंत साधारण तेवढं अंतर हवं.

सीट पुढे-मागे करायची तर क्रँक जमिनीला समांतर ठेवा, दोरीला नट बांधून ओळंबा करा आणि पुढच्या गुडघ्याच्या वाटीखालून सोडा. तो पायडलच्या एक्सलच्या आसपास पडावा. एका वेळी ३ ते ५ मिलिमीटरच बदला. आधी सीटच्या दांडीवर पेनाने खूण करा, म्हणजे परत येता येईल. प्रवासाच्या मधोमध एकदम दोन सेंटिमीटर सीट उचलली तर समोरचं दुखणं जाऊन गुडघ्यामागची शीर धरते.

तुमचा एकच गुडघा दुखतो, ही खूण महत्त्वाची आहे. उजवं पायडल हाताने फिरवून बघा. जुन्या सायकलींचा पायडलचा एक्सल किंवा क्रँक पडून वाकलेला असतो. पायडल फिरताना डुलत असेल तर प्रत्येक फेऱ्याला गुडघा आत-बाहेर पिळला जातो. पायडल बदलायला फार खर्च येत नाही.

राहिला जडपणा. पंधरा सेकंदांत एक गुडघा किती वेळा वर येतो ते मोजा. वीसच्या आसपास आलं तर ठीक, पंधराच्या खाली गेलं तर जड आहे. मागचं फ्रीव्हील, म्हणजे मागच्या चाकावरचं दातेरी चक्र, १८ दात्यांचं असेल तर २० किंवा २२ दात्यांचं बसवून घ्या. चेन एखाद-दोन कडीने वाढवावी लागेल. सपाटीवर वेग थोडा घटेल, पण पाचव्या दिवशी चालवत घरी याल. खड्या चढावर सायकल हातात धरून चालावं, त्यात कमीपणा काही नाही.

आत्ता दुखत असेल तर त्या दिवसाचं अंतर निम्मं करा आणि संध्याकाळी फडक्यात बर्फ बांधून दहा-पंधरा मिनिटं शेका. गुडघा सुजला, अडकला किंवा झोपेतही ठणकला तर तिथून एसटी पकडा.

प्रश्न : सायकलवर घालायची पॅडची शॉर्ट घेतली तरी दुसऱ्या दिवशी जांघेत सोलवटतं, बसण्याच्या जागी केसतोड येतात. गावात हे कुणाला विचारायची सोय नाही. — एक शिक्षिका, वरूड

मोकळेपणाने विचारलंत हे फार बरं केलंत. बऱ्याच फेऱ्या याच दुखण्याने अर्धवट राहतात आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं.

दाब, घासणं आणि ओल हे तिघं एकत्र आले की कातडी जाते. पॅडची शॉर्ट थेट अंगावर घालायची असते, आत दुसरं अंतर्वस्त्र नको. आतल्या कपड्याची शिवण आणि त्यात साठणारा घाम यांनीच सोलवटतं. वर सैल सलवार घालायला हरकत नाही, फक्त उजव्या पायाची मोहरी क्लिपने आवळा, नाहीतर चेनमध्ये जाते. निघण्याआधी जांघेला आणि बैठकीला व्हॅसलिनचा पातळ हात फिरवा, दुपारी पुन्हा एकदा. तिथले केस वस्तऱ्याने काढू नका, खुंट आत वळून केसतोड येतात. वाढलेच असतील तर कात्रीने कापा.

शॉर्ट दोन लागतात. मुक्कामी पोहोचल्यावर अर्ध्या तासात ती उतरवा, अंग साबणाने धुऊन कोरडं करा. शॉर्ट उलटी करून धुवा, मग कोरड्या टॉवेलवर पसरा, टॉवेलसकट घट्ट गुंडाळा आणि त्या गुंडाळीवर पाय देऊन उभ्या राहा. नुसती पिळलेली शॉर्ट डिसेंबरच्या रात्री वाळत नाही. अशी दाबून काढलेली सकाळपर्यंत बरीचशी वाळते. ओलसर पॅड पुन्हा अंगावर चढवलं तर केसतोड आलेच समजा.

सीटची रुंदीही बघा. खोक्याचा नालीदार पुठ्ठा पायरीवर ठेवा, त्यावर पुढे वाकून बसा आणि गुडघे थोडे वर घ्या. उठल्यावर बैठकीच्या दोन हाडांचे खड्डे दिसतील. त्यांच्या मध्यांमधलं अंतर मोजा आणि त्यात दोन-अडीच सेंटिमीटर मिळवा. मागच्या बाजूला सीट तेवढी रुंद हवी. अरुंद सीटवर भार हाडांऐवजी मऊ भागावर येतो. जाड फोमची मऊ सीट दुकानात छान वाटते, पण दोन तासांनी हाडं तिच्यात रुततात आणि मधला भाग वर येऊन टोचतो. सीट आडवी, सपाट ठेवा. दर दहा मिनिटांनी पंधरा-वीस सेकंद पायडलवर उभ्या राहा.

पाळीच्या दिवसांत सॅनिटरी पॅडच्या कडा घासतात. कपची सवय असेल तर तो सोयीचा, पण पहिल्यांदा वापरून बघण्याची जागा लांबची फेरी नव्हे.

केसतोड आलाच तर फोडू नका. गरम पाण्याच्या फडक्याने दिवसातून तीनदा, दहा-पंधरा मिनिटं शेका. ताप आला, लाली पसरत गेली किंवा मधुमेह असेल तर डॉक्टर गाठा. आणि बसण्याच्या भागाला बधिरपणा आला तर त्याच क्षणी उतरा. सीटचं टोक वर झालंय का बघा आणि ते किंचित खाली घ्या.

प्रश्न : करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होतं. रात्री शर्टाचं बटण लागत नाही. — एक वाचक, दिग्रस

तळहाताच्या करंगळीकडच्या उशीखालून जाणारी नस हँडलवर दाबली जातेय. सीटचं टोक खाली झुकलं असेल तर अंग पुढे घसरतं आणि सगळा भार हातांवर येतो. आधी ते सपाट करा, मग हँडल एक-दोन सेंटिमीटर वर घ्या. कोपरं ताठ ठेवू नका, दर दहा मिनिटांनी हाताची जागा बदला. टायरमध्ये दगडासारखी हवा भरू नका, टायरवर छापलेल्या मर्यादेच्या वरच्या टोकाऐवजी मध्यावर ठेवा. बटण लागत नाही म्हणजे स्नायूचं बळही गेलंय. आता थांबा आणि डॉक्टरांना दाखवा. असंच चालवत राहिलात तर भरून यायला महिने लागू शकतात.

प्रश्न : दुपारी दोननंतर अंगातलं बळच जातं. ढाब्यावर पोटभर जेवूनही तसंच. हा थकवा मनाचा समजायचा का? — एक वाचक, मेहकर

मनाला दोष देण्याआधी खिसे तपासा. शरीरात साखरेचा साठा साधारण चारशे-पाचशे ग्रॅमचा. सकाळपासून नुसत्या चहावर रेटलं तर तो दुपारी संपतो आणि मग एकदम भरलेलं ताट पोटात जड होऊन बसतं. पहिल्या तासापासून दर तासाला ४५ ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात गेली पाहिजेत. एका मध्यम केळ्यात पंचवीसेक ग्रॅम असतात, २० ग्रॅम गुळाच्या खड्यात एकोणीस-वीस. म्हणजे एक केळं आणि एक गुळाचा खडा हा तासाचा शिधा झाला. मोसमात संत्री आहेतच. शेंगदाणे चांगले, पण तेलकट असल्याने हळू पचतात, ते संध्याकाळसाठी ठेवा. पोहे खा, तर्री सोडा. सावजी जेवण फेरी संपल्यावरच. दुपारी अर्धपोटी वरण-भात आणि दही, मुक्कामाला पोहोचल्यावर तासाभरात पुन्हा भात-वरण किंवा भाकरीसोबत अंडी. उद्याचं बळ तिथे भरलं जातं.

पाणी तासाला अर्धा ते पाऊण लिटर. उन्हात ओआरएस घ्या. लिटरच्या पुडीला पूर्ण लिटर पाणीच हवं, अर्ध्या बाटलीत ती ओतली तर मळमळतं. पुडी नसेल तर लिटरभर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. फार पिऊनही बिघडतं. वाटेत धान्याच्या दुकानातला मोठा इलेक्ट्रॉनिक काटा दिसला तर सकाळी आणि संध्याकाळी वजन करून बघा. साठ किलोच्या माणसाचं १.२ किलोपेक्षा जास्त घटलं तर पाणी कमी पडलं. वजन वाढलं आणि डोकं दुखतंय, मळमळतंय तर पाणी जास्त झालं, मीठ कमी पडलं.

आणि पहिल्या दिवशी जोर दाखवू नका. सायकल चालवताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. सकाळी अंथरुणातच नाडी मोजा. नेहमीपेक्षा आठ-दहा ठोके वर असेल तर त्या दिवशी अंतर कमी करा.

प्रश्न : निघण्याआधी रोज एक कॉम्बिफ्लॅम घेतली तर? — एक वाचक, पांढरकवडा

घेऊ नका. तिच्यात आयबुप्रोफेन आहे. शरीरातलं पाणी कमी असताना आयबुप्रोफेन आणि डायक्लोफेनॅक मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा घटवतात. शिवाय दुखणं झाकलं गेलं की वर सांगितलेल्या खुणा कळतच नाहीत. दिवसभरानंतर अंग फारच ठणकत असेल तर पॅरासिटामॉल ५००ची एक गोळी, यकृताचा आजार नसेल आणि दारू घेतलेली नसेल तरच. गावात कुणी ‘ताकदीचं इंजेक्शन’ देतो म्हटलं तर हात पुढे करू नका. मांड्या दगडासारख्या दुखताहेत आणि लघवी कोकाकोलासारखी काळपट होतेय, असं झालं तर स्नायू तुटून त्यातला पदार्थ मूत्रपिंडात जातोय. त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठा.

प्रश्न : भावाला सिकलसेल आहे. माझ्या कार्डावर ‘एएस’ लिहिलंय. मी तीनशे किलोमीटरची फेरी करू का? — एक वाचक, धानोरा

सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार. ‘एएस’ म्हणजे तुम्ही त्याचे वाहक आहात. रोजच्या जगण्यात बहुतेक वाहकांना त्रास नसतो. पण ऊन, तहान आणि जोराचे श्रम एकत्र आले तर वाहकालाही क्वचित गंभीर त्रास होतो, स्नायू आणि मूत्रपिंड धोक्यात येतात. डॉक्टरांना दाखवून मग ठरवा. गेलात तर डिसेंबर-जानेवारीत जा, दोन महिने हळूहळू अंतर वाढवून जा, जोराच्या शर्यती टाळा. पाणी कधी चुकवू नका. गोळा न येताच पाय एकदम लुळे वाटले, दम लागला, डाव्या बरगडीखाली दुखलं तर ‘थोडं ओढू’ म्हणू नका, थांबा आणि सोबतच्यांना आधीच हे सांगून ठेवा. भावाने मात्र त्याच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय अशा फेरीला निघू नये. थंडी, तहान आणि श्रम यांनी त्याला वेदनेचा झटका येऊ शकतो.

प्रश्न : सहाशे किलोमीटरच्या ब्रेव्हेत झोप घ्यावी का? नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये ‘रेस अक्रॉस अमेरिका’ एकट्याने पूर्ण केली, ते कुठे झोपत होते? — एक वाचक, हिंगणघाट

त्या शर्यतीत सायकलस्वाराच्या मागे गाडी असते आणि तिच्यात त्याच्याकडे लक्ष ठेवणारी माणसं असतात. ब्रेव्हेत मागे अशी गाडी नसते. सहाशेला ४० तास मिळतात, त्यांत दीड ते तीन तासांची झोप सहज बसते. आधीच्या दोन रात्री पोटभर झोपा. पहाटे दोन ते पाच हा सर्वांत वाईट वेळ. याच मोसमात रस्त्यावर रिफ्लेक्टर नसलेल्या कापसाच्या ट्रॉल्या आणि बैलबंड्या असतात, रोही (नीलगाई) आणि रानडुकरं आडवी येतात. जांभया थांबत नाहीत, गेला किलोमीटर आठवत नाही, सायकल पांढरी पट्टी ओलांडते, यांतलं एकही झालं की उजेड आणि माणसं असलेला पेट्रोल पंप गाठा. अर्धा कप चहा घ्या, पंचवीस मिनिटांचा गजर लावा, सामानाच्या पिशवीचा पट्टा हाताला गुंडाळून आडवे व्हा. चहाचा असर वीसेक मिनिटांनी सुरू होतो, तोवर डोळा लागून गेलेला असतो. उठल्यावर लगेच निघू नका. पाच मिनिटं चाला, थंड पाण्याने तोंड धुवा, एक केळं खा आणि मागचा लाल दिवा लागतोय ना ते बघून मगच सायकलवर बसा.