१९६५ च्या एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचे डॅशबोर्डवरचे टॉगल स्विच बदलायला अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो का?

नाही, स्विच एकेक करून जागेवरच बदलता येतात. प्रत्येक स्विच समोरून नटसारख्या गोल क्रोम रिंगने आवळलेला असतो. ती सोडवली की स्विच मागे सरकतो आणि डॅशबोर्डखाली हात घालून बाहेर काढता येतो. रिंग पकडीने अजिबात फिरवू नका. तिच्या खाचांत बसणारा दोन दातांचा पाना घ्या आणि भोवती मास्किंग टेप चिकटवा, कारण पाना निसटला तर डॅशबोर्डच्या सुरकुत्या असलेल्या काळ्या रंगावर ओरखडा उमटतो आणि तो नुसत्या ब्रशने बुजत नाही.

त्याआधी सीटमागच्या ६ व्होल्टच्या दोन्ही बॅटऱ्यांचं कनेक्शन तोडा. तपकिरी वायरमध्ये चावी बंद असतानाही करंट असतो. पांढरी वायर इग्निशनची, हिरवी त्याच्याच फ्यूजनंतरची, काळी अर्थिंगची. लुकास या विद्युत भाग बनवणाऱ्या कंपनीच्या या रंगांमुळे काम सोपं होतं. तरी फोटो काढा आणि वायरींना चिठ्ठ्या लावाच, साठ वर्षांत कोणी काय जोडलं असेल सांगता येत नाही.

एक लक्षात ठेवा: १९६७ पर्यंतच्या एमजीबीत मूळ अर्थिंग पॉझिटिव्ह आहे, म्हणजे बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक गाडीच्या बॉडीला जोडलेलं असतं. साध्या स्विचला त्याने फरक पडत नाही, पण एलईडी दिवा असलेला स्विच उलटा जोडला तर तो दिवा पेटणार नाही. हेडलाइटचा सगळा करंट स्विचमधूनच जातो, म्हणून नव्या स्विचसोबत रिले (स्विचऐवजी जास्त करंट स्वतःमधून नेणारा विद्युत स्विच) बसवाच.