वाचक विचारतात, ताई सांगतात

प्रश्न : ताई, आमच्या खानापुरात आईकडं तरला दलालांचं स्वयंपाकाचं जुनं पुस्तक आहे. आई म्हणते त्या मोठ्या हॉटेलात शेफ होत्या, वहिनी म्हणते नव्हत्याच. खरं काय ते सांगा की, रोज वाद चाललाय घरात!

उत्तर : वहिनी जिंकली बघा. हॉटेलबिटेल काही नाही, घरातूनच सुरुवात. जन्म पुण्याचा, 1936 चा, घरची गुजराती. 1960 ला लग्न होऊन मुंबईला गेल्या आणि 1966 पासून घरीच कुकिंग क्लास घ्यायला लागल्या, त्याचा असा बोलबाला झाला की 1974 ला पहिलं पुस्तक आलं, इंग्लिशमधून, आणि मग थांबल्याच नाहीत, शंभरावर पुस्तकं काढली, टीव्हीवर स्वतःचा शो केला, स्वतःच्या नावाची वेबसाइटसुद्धा चालवली. 2007 ला पद्मश्री मिळाली, 2013 च्या नोव्हेंबरात गेल्या.

मला विचाराल तर त्यांची खरी कमाल वेगळीच, इटालियन, मेक्सिकन, चायनीज सगळं शाकाहारी करून दाखवलं, तेही आपल्या किराणा दुकानात मिळणाऱ्या सामानात! चमच्याचं, कपाचं माप नीट दिलेलं, त्यामुळं नवशिकीलाही जमायचं. आमच्याकडच्या बायका 'अंदाजानं घाल गं' म्हणतात, त्यानं सून रडकुंडीला येते ते वेगळंच. बाकी आपला कुंदा, ती आटीव दुधाची मिठाई, मात्र पुस्तक बघून करत बसू नका, दूध आटवून आटवून हात भरून येतील, सरळ बेळगावात जाऊन विकत आणा.