आमचा कॉकटेल रात्री अचानक पिंजऱ्यात धडपडतो आणि हात नेला की फुत्कारतो. त्याला आम्ही आवडत नाही का?

महिन्यापूर्वी आणलेला पिवळा पक्षी, पिंजरा गॅलरीत, आणि दुकानदार म्हणतोय 'जोडी आणा, शांत होईल', असं तुम्ही लिहिलंय. (कॉकटेल म्हणजे तुरेवाला छोटा पोपट. खरा शब्द कॉकटील, पण दुकानात तसं म्हटलंत तर तुमचंच बोलणं सुधारतात. मीही कॉकटेलच म्हणतो.)

आवडनिवड राहू द्या, तो घाबरलाय. अंधारात त्याला धड दिसत नाही. भिंतीवर पाल सरकली, खाली कुणी सायलेन्सर काढलेली बाईक उडवली, की तो दचकून सरळ उडायलाच जातो आणि चारी बाजूंनी गजांवर आपटतो. कॉकटेलमध्ये हे बाकीच्या पाळीव पक्ष्यांपेक्षा जास्त दिसतं, आणि पिवळ्यांची तर त्यासाठी ख्यातीच आहे.

हे मी महागात शिकलो. आमचा कॉकटेल भुऱ्या लहान होता तेव्हाचा ऑगस्ट. नदीकाठी ढोलपथकांचा सराव चाललेला, शेवटचा ठोका पडून तासभर झाला असेल, आणि पिंजऱ्यात फडफड. मी अंधारातच दार उघडून हात घातला. त्याच्या दृष्टीने वरून काहीतरी आलं आणि पकडायला लागलं! दिवा लावला तर खालच्या वर्तमानपत्रावर रक्ताचे थेंब. नव्याने येणाऱ्या पिसाच्या देठात रक्त असतं. ते पीस तुटलं की भळभळतं. कॉर्नफ्लोअर लावून कापसाने दाबून धरलं, थांबलं. नशीब. कुत्र्यामांजरांचे डॉक्टर गल्लोगल्ली आहेत, पण पक्षी बघणारे शोधावे लागतात. त्यांचा नंबर आजच घेऊन ठेवा, रात्री दीडला शोधाशोध नको.

तर पिंजरा गॅलरीतून आत, भिंतीला टेकून ठेवा. तिन्ही बाजूंनी चादर, समोरची बाजू उघडी, आणि खोलीत झिरोचा बल्ब रात्रभर चालू. झोके आणि घंटा रात्री काढून ठेवा. तरीही धडपडला तर आधी दिवा लावा, लांबूनच हळू बोला, हात घालू नका. विसर्जन आणि दिवाळीच्या दिवसांत खिडक्या लावून मी पिंजऱ्याच्याच खोलीत झोपतो. घरचे हसतात.

आता फुत्कार. त्याचा तुरा बघायला शिका, बाकी सगळं त्यात लिहिलेलं असतं. तुरा डोक्याला चपटा चिकटवून, अंग पुढे काढून फुस्स करतोय म्हणजे 'लांब हो'. तिथे हात रेटलात तर चावणार, आणि चूक तुमची. तुरा ताठ उभा म्हणजे दचकलाय किंवा कान टवकारलेत. अर्धवट, सैल म्हणजे निवांत. संध्याकाळी एका पायावर बसून चोचीची बारीक करकर सुरू झाली तर खूश व्हा, तो झोपेला आलाय. मी पहिल्यांदा ऐकली तेव्हा चोचीत काही अडकलंय म्हणून टॉर्च घेऊन बसलो होतो.

दोनेक आठवडे नुसतं पिंजऱ्याजवळ बसून पेपर वाचा. मग गजांतून राळ्याचं कणीस धरा. दुकानदार त्याला कांगणी म्हणतो. पण जेवण म्हणून नुसते दाणे नकोत, विशेषतः सूर्यफूल. अ जीवनसत्त्व कमी पडतं. गाजर, लाल भोपळा, मेथी, शेवग्याचा पाला रोज समोर ठेवा. आठवडाभर ढुंकून बघणार नाही, ठेवत राहा. अॅव्होकॅडो, चॉकलेट, कांदा बिलकूल नाही. आणि नॉनस्टिक तवा रिकामा तापला तर त्याच्या धुराने पक्षी काही मिनिटांत मरू शकतो. आमच्याकडे डोसे आता बिडाच्या तव्यावर होतात.

तुम्ही खोलीतून गेलात की ओरडतो, तेही रागाने नाही. ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या मुलखात हे थव्याने राहतात. नजरेआड झालेल्याला हाक मारायची सवय आहे. आतूनच शीळ घाला, गप्प होईल. नर असेल तर शिळा उचलतोही. भुऱ्या खालच्या गाडीची रिव्हर्सची धून इतकी हुबेहूब वाजवतो की शेजारचे काका अजून गॅलरीत येऊन बघतात.

जोडी मात्र आत्ता नको. दोघं एकमेकांत रमले की तुमच्या हाताशी यायचं त्यांना कारणच उरत नाही. शिवाय तुमचा नर की मादी तेच ठरलेलं नाही: पिवळ्यांत शेपटीखाली उजेडात फिकट आडवे पट्टे दिसले तर बहुधा मादी, पण पहिली पिसं झडेपर्यंत ते नरालाही असतात. पुढे कधी दुसरा आणलातच तर निदान महिनाभर वेगळ्या खोलीत, वेगळ्या भांड्यांत ठेवा.