काटेरी लगाम आधी काढा

प्रश्न: सारंगखेड्याच्या बाजारातून मारवाडी घोडी आणली, सोबत काटेरी लगाम मिळालाय. त्याऐवजी कोणता घेऊ, स्नॅफल की कर्ब?

उत्तर: काटेरी आजच काढा, जनावरांच्या छळाविरुद्धच्या १९६५च्या नियमांनी त्यावर बंदीच आहे आणि जीभ फाटते हो बिचारीची. स्नॅफल घ्या, म्हणजे तोंडातल्या कांबीला मधे सांधा नि दोन्ही बाजूंना कड्या, जेवढं ओढाल तेवढाच ताण तोंडावर येतो. कर्बला खाली दांड्या आणि हनुवटीखाली साखळी, तरफेमुळे जोर कितीतरी वाढतो, म्हणून नवख्या हाताला तो नकोच. बिट, म्हणजे लगामाचा तोंडात जाणारा भाग, बसतं ते पुढचे दात आणि दाढांच्या मधल्या रिकाम्या हिरडीवर, तर ओठ उचलून तिथं नीट बघा, जखम असेल तर भरेपर्यंत बिट घालूच नका, नाकपट्टीवर चालणारा लगाम वापरा.